उघडी जुनी गाडी आणि घरची नवी गाडी : नागपुरात दोन्ही पारखायच्या कशा

रविवारी सकाळी फुटाळा तलावावर माझी जुनी उघडी गाडी उभी केली की दहा मिनिटांत कोणी ना कोणी जवळ येतं. आधी दुरून बघतं, मग दारावर बोटं टेकवतं आणि विचारतं, "काकाजी, अशी एखादी घ्यायची असेल तर सुरुवात कुठून करायची?" त्याची स्वतःची गाडी पलीकडे उभी असते. आत एसी सुरू, मागच्या सीटवर लेकरं. दर वेळी उभ्या उभ्या अर्धा तास बोलणं होतं आणि तरी निम्मं सांगायचं राहूनच जातं. म्हणून आज सगळं एकदाच लिहून काढलं.

मामाजींकडून आलेली साठच्या दशकातली चार सिटांची उघडी गाडी मी अकरा वर्षांपासून सांभाळतो आहे. रोजच्या वापराला घरात आजच्या काळातली सहा एअरबॅगांची गाडी आहे. जीव दोन्हीवर आहे. नव्या माणसाला माझं सांगणं एकच असतं : ही तुलना तासांत करा. आठवड्यातले किती तास ती गाडी तुमच्याकडून मागते आणि त्या बदल्यात किती तासांचं सुख देते, हे ज्याने आधी मांडलं तो सहसा फसत नाही. रुपये, पिकअप, ॲव्हरेज हे सगळं त्याच्या मागून येतं.

पायरी १ : भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा

पेन्सिल घ्या. ज्या दिवशी उघड्या गाडीत तासभर बसणं सुखाचं वाटेल त्या तारखेला गोल करा. ज्या दिवशी घरच्यांना गाडी लागणारच आहे तिथे फुली मारा.

नागपुरात गोल पडतात ते दिवाळी उलटल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून होळीपर्यंत. मार्चमध्ये फक्त सकाळच्या वेळी. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की सकाळी आठच्या आत गाडी परत अंगणात आलेली बरी. मृग लागला की सप्टेंबर संपेपर्यंत आभाळाचा भरवसा नाही, आणि ऑक्टोबरचा उकाडा तुम्हाला ठाऊकच आहे. फुल्या मात्र बाराही महिने सारख्याच पडतात. शाळा, दवाखाना, अमरावतीचं लग्न, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना रामटेक दाखवणं.

गेल्या वर्षी आमची उघडी गाडी ३८ दिवस रस्त्यावर आली. त्यातले बहुतेक दिवस दोन तासांच्या आतले. हा आकडा मला कमी वाटत नाही, कारण त्यातला एकेक दिवस मला आठवतो. पण घर चालवायला ३८ दिवस पुरत नाहीत.

म्हणून इथेच एक गोष्ट ठरवून टाका. अंगणात एकाच गाडीला जागा असेल, किंवा खिशाला एकच झेपत असेल, तर ती नवी असू द्या. घरची गाडी विकून उघडी गाडी घेतलेली दोन कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत. दोघांवरही पहिल्याच पावसाळ्यात भाड्याची गाडी बोलावायची वेळ आली, आणि मग घरात त्या बिचाऱ्या गाडीवरून बोलणी सुरू झाली. गाडी चांगली होती. तिच्यावर टाकलेलं काम तिचं नव्हतं.

पायरी २ : कागद आधी, क्रोम नंतर

जुनी गाडी बघायला गेलं की नजर बंपरच्या चकाकीवर जाते. ती आवरा आणि आधी आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला, मागा. आरसीवर बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे सलून किंवा सेडान (पक्क्या छताची बंद गाडी) आहे आणि समोर मात्र टप, म्हणजे छत, नसलेली गाडी उभी आहे, तर कोणीतरी तो टप कापलेला आहे. वरातीसाठी, हौसेसाठी, कधी गंजलेला टप दुरुस्त करणं परवडेना म्हणून. आपल्याकडे उघडी म्हणून विकायला येणाऱ्या जुन्या गाड्यांत अशा कापलेल्या गाड्या पुष्कळ भेटतात. नवखा माणूस सगळ्यात जास्त अडकतो तो इथेच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कापलेल्या गाडीचं पासिंग (आरटीओची तपासणी) अडकू शकतं, अपघातानंतर विम्याच्या दाव्यावर प्रश्न उभा राहतो, आणि विकायला काढली की पुढचा माणूसही हाच प्रश्न विचारतो. कापलेली गाडी कितीही देखणी असली तरी पहिली गाडी म्हणून घेऊ नका, असं मी अगदी हात जोडून सांगतो.

आता वयाचा प्रश्न. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. हे नियम २०२१ च्या जुलैमध्ये आले. चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले असतील तर ती यात बसत नाही, म्हणजे कापलेला टप इथेही आडवा येतो. अर्ज फॉर्म २० वर करायचा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये आणि ५ वर्षं. गाडीला जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो. नव्याने नोंदणी होत असेल तर नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरं येतात.

या नोंदणीबरोबर एक बंधन येतं आणि विकणारा ते क्वचितच सांगतो. विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या जाण्यायेण्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी, असा नियम आहे. "ऑफिसला घेऊन जाईन" असा विचार मनात असेल तर आधी पायरी १ चं कॅलेंडर पुन्हा बघा.

५० च्या आतली जुनी गाडी साध्या खासगी नोंदणीवर चालते. पहिली १५ वर्षं, मग दर ५ वर्षांनी पासिंग आणि त्यासोबत पर्यावरण कर. आरटीओ कोणतं ते नंबरावरून कळतं : एमएच ३१ नागपूर शहर, एमएच ४९ पूर्व नागपूर, एमएच ४० ग्रामीण. बाहेरच्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली गाडी असेल तर तिकडची एनओसी (ना हरकत दाखला) हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका. चेसिस नंबर डोळ्यांनी वाचून समाधान मानू नका. त्यावर पातळ कागद ठेवा, पेन्सिल आडवी घासा आणि आलेला छाप आरसीशी एकेक अंक करून ताडून बघा. माझ्या एका मित्राला या दोन मिनिटांच्या कामात तीन आणि आठ यांचा घोळ सापडला होता. तो व्यवहार त्याने सोडला.

विमा : पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्यातली किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. म्हणून गाडीचे सगळ्या बाजूंचे फोटो आणि केलेल्या कामाची बिलं पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवा.

नव्या गाडीत हे बहुतेक शोरूमवालाच करतो. वापरलेली घेणार असाल तर ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०, आणि आधीच्या कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, एवढं बघितलं की झालं.

पायरी ३ : जॅक, चुंबक आणि टॉर्च

गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आठवा. बंद असताना त्यावर माणूस बसला तरी तो हलत नाही. वरचा पत्रा कापून त्यात तुळस लावली की तोच डबा हाताने दाबला तरी तिरपा होतो. गाडीचं तसंच आहे. टप फक्त सावलीसाठी नसतो, तो गाडीला ताठ ठेवतो. आजच्या बहुतेक कौटुंबिक मोटारींत, आणि जुन्या फियाट ११००, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरमध्येही, बॉडी हाच सांगाडा आहे. या जुन्या गाड्यांचा टप कापला की गाडीचा तळ मधून झुकू लागतो.

कारखान्यातूनच उघड्या निघालेल्या गाड्यांत याची सोय केलेली असते. मॉरिस मायनरच्या उघड्या मॉडेलला खालून जादा मजबुती दिलेली होती. ट्रायम्फ हेराल्डची रचना आणखी वेगळी : तिला खाली स्वतंत्र चेसिस आहे आणि बॉडीचे भाग त्यावर बोल्टांनी बसवलेले आहेत. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने हीच गाडी १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड म्हणून भारतात बनवली. तिचं सगळं बोनेट पुढच्या बाजूला उलटं उघडतं, आणि इंजिनचं काम करायला माणूस आरामात चाकावर बसू शकतो. सुरुवातीला शिकायला ही गाडी मला फार आवडते. अर्थात सलून म्हणून नोंदवलेल्या हेराल्डचा टप बोल्ट काढून उतरवला तरी कागदावर ती सलूनच राहते, हे विसरू नका.

तपासणी अशी करा. ड्रायव्हरच्या बाजूला, जॅक लावायच्या जागी जॅक लावा आणि पुढचं चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला. आता दार उघडा आणि हळूच लावून बघा. दार सहज लागलं, फट वरपासून खालपर्यंत सारखी राहिली, तर सांगाडा धड आहे. दार घासलं, खालून अडलं किंवा वरची फट उघडी पडली, तर दाराखालचा लांब पट्टा आतून गेलेला आहे. बाहेरून तो कितीही गुळगुळीत दिसो.

मग चुंबक. फ्रिजवर लावायचं साधं चुंबक पातळ कापडात गुंडाळा, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही, आणि दारांचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, डिकीचे कोपरे यांवरून फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते. तळहाताएवढी जागा चुंबकाला धरतच नसेल तर तिथे पत्रा उरलेला नाही.

टॉर्च घेऊन मॅटखाली बघा, हूड, म्हणजे कापडी छत, घडी होतो त्या खाचेत बघा. पाणी तिथेच साचतं. शेवटी टायर. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसते म्हणून असा टायर चांगला समजू नका. उन्हात उभं राहून रबर कडक झालेलं असतं, आणि नागपूरच्या तापलेल्या सिमेंट रस्त्यावर तो कधी दगा देईल सांगता येत नाही.

हेराल्ड किंवा तिच्या जातीची गाडी असेल तर पुढच्या चाकांच्या खालच्या सांध्याला काय घालता, हे विकणाऱ्याला विचारा. तिथे ग्रीस नव्हे, गिअरचं घट्ट तेल लागतं. "ग्रीस मारतो ना जी दर सर्व्हिसला" असं उत्तर आलं तर ते सांधे बदलायचा खर्च किमतीतून वजा करा, कारण तो सांधा तुटला की चाक आडवं पडतं.

नव्या गाडीत या पायरीवर बघायचं ते वेगळं. क्रॅश टेस्टचे तारे बघा. २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच. २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू आहे. लहान मूल असेल तर मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक हाताने चाचपून बघा. तिसऱ्या ओळीत घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवा, सेल्समनला नव्हे.

पायरी ४ : रस्ता एकच, माणसं तीच

लोक जुनी गाडी रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर चालवतात, नवी गाडी शोरूमच्या भोवती एक चक्कर मारतात, आणि मग दोन्हींची तुलना करतात. यातून काहीच कळत नाही. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच वारी, घरच्याच माणसांना घेऊन चालवा.

मी सुचवतो तो रस्ता असा : लॉ कॉलेज चौकातून रवी नगर, तिथून फुटाळा, मग सेमिनरी हिल्सचा चढ, जपानी गार्डनवरून खाली सदर, आणि शेवटी सीताबर्डीचा व्हरायटी चौक, तोही संध्याकाळी सहाच्या सुमाराला. तासाभरात चढ, वळण, सिमेंटचे सांधे, मोकळा रस्ता आणि कोंडी असं सगळं भेटतं.

पहिल्या दोन चौकांतच जुनी गाडी तुम्हाला जागं करेल. ब्रेक ड्रमचे, त्यांना मागून जोर देणारं काही नाही. पायाचा जेवढा जोर तेवढाच ब्रेक. नव्या गाडीत पाय टेकवताच ती थांबते, आणि जोरात दाबलं तरी एबीएसमुळे चाकं अडकत नाहीत. जुनीत तुम्हाला पुढच्या स्कूटरपासून दुप्पट अंतर ठेवावं लागतं, आणि सदरमध्ये ठेवलेलं अंतर म्हणजे दुसऱ्या स्कूटरला दिलेली जागा. ही सवय लागायला मला दोन महिने लागले. अनेक जुन्या गाड्यांत पहिला गिअर चालत्या गाडीत पडत नाही, पूर्ण थांबावं लागतं. सेमिनरी हिल्सच्या चढावर हे आधीच ठाऊक असलेलं बरं, म्हणजे वेळेत दुसरा टाकून चढता येतं.

सिमेंट रस्त्याच्या सांध्यांवरून जाताना समोरच्या काचेच्या चौकटीवर हात ठेवा. ती थरथरेल. थोडी थरथर कारखान्यातून निघालेल्या उघड्या गाडीलाही असते. आरशातली मागची गाडी ओळखू येईनाशी झाली तर पायरी ३ चा जॅक पुन्हा काढा. त्याच सांध्यांवरून नवी गाडी गेली तर मागच्या सीटवरचं झोपलेलं बाळ जागं होत नाही. याचं मोल ज्याच्या घरी बाळ आहे त्यालाच कळतं.

जोराचं बोलायचं तर सुरुवातीच्या हेराल्डचं इंजिन ९४८ सीसीचं. आजच्या १२०० सीसीच्या टर्बो इंजिनात शंभराच्या वर हॉर्सपॉवर असते आणि हेराल्डमध्ये त्याच्या निम्मीही नव्हती. पण टप नसलेल्या गाडीत ताशी ४० हासुद्धा वेग वाटतो. हे मी कौतुकाने लिहितो आहे. फुटाळ्याच्या वळणावर पाण्याचा गारवा अंगावर येतो, शेजारच्या ठेल्यावरच्या तर्रीचा वास येतो, सिग्नलला थांबलं की रिक्षावाला गाडीचं साल विचारतो. आमची लेक नव्या गाडीत बसली की कानात इअरफोन घालते. उघड्या गाडीत तिने ते कधीच घातले नाहीत. सेमिनरी हिल्सवर ती मान मागे टाकून झाडं बघत असते आणि शाळेतलं सगळं सांगत असते. हे तास मी हिशेबात धरतो, तुम्हीही धरा.

त्याच वहीत दुसरी बाजूही लिहा. साठच्या दशकातल्या बहुतेक गाड्यांत सीटबेल्ट नाहीत, डोक्यामागे टेकू नाही, एअरबॅगचं तर नावच नाही. धडक बसली तर चेपून जाऊन माणसाला वाचवणारा पुढचा भागही नाही. म्हणून आमच्या घरी नियम आहे : लेकरं उघड्या गाडीत शहरातल्या संथ रस्त्यांवरच बसतील, अंधार पडायच्या आत घरी. समृद्धी महामार्गावर ही गाडी न्यायची नाही. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा आहे, तिथे ताशी ६० ने चालणारी गाडी स्वतःला आणि मागच्याला दोघांनाही धोका आहे. मुंबई-संभाजीनगरला नवीच गाडी जाते.

पायरी ५ : मे महिन्याची दुपार

हिवाळ्यात घेतलेली गाडी मेमध्ये खरी कळते. शक्य असेल तर व्यवहार एप्रिलपर्यंत लांबवा आणि दुपारी बाराला गाडी पुन्हा चालवून बघा.

माझा दुसरा उन्हाळा होता. वर्धा रोडवर, अजनी चौकाच्या अलीकडे गाडी दोन आचके देऊन थांबली. इंजिनचा काटा ठीक, रेडिएटरमध्ये पाणी, टाकीत पेट्रोल. सेल्फ मारतोय, गाडी उठेना. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "भाऊ, गाडी बिघडली नाही. पंपात पेट्रोल उकळून राहिलं. फडकं वलं करा अन् पंपाले गुंडाळा." गळ्यातला शेला बाटलीतल्या पाण्याने भिजवला, पिळला आणि इंजिनच्या बाजूला असलेल्या छोट्या पंपाभोवती गुंडाळला. पाण्याची वाफ निघताना दिसली. पंधरा मिनिटं सावलीत उभा राहिलो, आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली.

कारण सोपं आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. इंजिन तापलं आणि बाहेरची हवाही तापली की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. नव्या गाडीत पंप मागे टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे येतं, म्हणून हा प्रकार होत नाही. उपाय म्हणून पंप आणि सायलेन्सरच्या पाइपामध्ये पत्र्याचा आडोसा बसवून घ्या, नळी गरम भागापासून दूर फिरवून घ्या. फडकं बांधायचं ते इंजिन बंद करून, आणि त्याचं टोक पंख्यात जाणार नाही असं. छोटं अग्निशामक सिलिंडर गाडीत कायम असू द्या.

कोंडीचाही त्रास वेगळा. जुन्या गाडीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे व्हरायटी चौकात गाडी उभी असली की पंखाही मंद. डायनॅमो असलेल्या गाडीत तेव्हा बॅटरीही चार्ज होत नाही आणि दिवे पिवळे पडतात. रेडिएटर वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या, बाहेरून पाणी मारून भागत नाही.

पेट्रोलबद्दल दोन शब्द. आता पंपावर मिळतं त्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीतलं रबर आणि बुचाचे वायसर त्याने फुगतात, ठिसूळ होतात. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी जमू शकतं. गाडी घेतल्याबरोबर पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्या टाकून घ्या. हा खर्च पुढे ढकलू नका, कारण फुटलेली नळी गरम इंजिनवर गळते. दुसरं, आपल्याकडे शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधीच्या बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह टेकतात ती जागा शिशाच्या भरवशावर होती. इंजिनचं हेड (वरचा भाग) कधी उघडलं असेल तर तिथे कडक रिंगा बसवल्या का, ते बिलात बघा.

पायरी ६ : हूड

हूड विकणाऱ्याला नाही, तुम्हीच लावून बघा, एकट्याने, घड्याळ लावून. आमचा हूड मला चार मिनिटांत लागतो. पहिल्या वर्षी बारा मिनिटं लागायची, आणि नागपूरचा वळवाचा पाऊस बारा मिनिटं थांबत नाही.

हूड लावून पाइपाने पाणी मारायला सांगा आणि तुम्ही आत बसा. काचेच्या वरच्या कडेला दोन-चार थेंब आले तर चालेल. शिवणीतून धार आली तर हूड नवा शिवावा लागेल. हे काम जीपचे हूड शिवणारे कारागीर चांगलं करतात. त्यांच्याकडे जाड सुई, मेणाचा दोरा आणि हात तिन्ही असतात. जुना हूड नमुना म्हणून द्या, टाकून देऊ नका.

ओला हूड कधीही घडी करून ठेवायचा नाही. एका रात्रीत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. मागची प्लॅस्टिकची काच घडीत जाते तेव्हा मध्ये मऊ सुती साडीचा तुकडा घाला, नाहीतर चरे पडून ती दुधाळ होते.

पायरी ७ : मिस्त्री, आणि शेवटचा हिशेब

नव्या गाडीला वर्षातून एकदा किंवा १०,००० किलोमीटरवर सर्व्हिसिंग. सकाळी द्यायची, संध्याकाळी आणायची. तुमचे जेमतेम दोन तास.

जुनीला मिस्त्री लागतो, आणि तो गाडी घ्यायच्या आधी शोधायचा. कार्ब्युरेटर उघडणारा, कानाने टायमिंग ऐकणारा माणूस बहुधा साठीच्या पुढचा असतो. त्याच्याकडे एक दिवस नुसते जाऊन बसा, चहा घ्या, त्याच्या दारात कोणत्या गाड्या उभ्या आहेत ते बघा. प्लगची ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात. तो फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून मोजतो की नजरेने ठेवतो, हे शेजारी उभं राहून बघा. मोजणारा मिळाला तर त्याला सोडू नका, आणि त्याच्याकडून ते काम शिकून घ्या. प्लग साफ करणं, पॉइंट लावणं, तेल बदलणं, ग्रीस मारणं एवढं स्वतःला आलं की गाडी खरी तुमची होते. आमच्याकडे रविवारचे दोन तास या कामाचे, गाडी बाहेर जावो न जावो.

आता वही काढा. वर्षाचे साधारण १०० तास देखभालीचे, हूड, धुणं, पार्ट शोधणं धरून. समोर पायरी १ चे गोल. हे १०० तास तुम्हाला काम वाटतात की सुट्टी? घरच्यांसमोर मोठ्याने उत्तर द्या, कारण ते तास त्यांच्याही वाट्यातले असतात. काम वाटत असतील आणि तरी वारा हवाच असेल, तर कापडी हूडची थार किंवा जुनी जिप्सी बघा. तिचा पार्ट मिळतो, एप्रिलमध्ये ती रुसत नाही, आणि पेंचच्या वाटेवरही नेता येते. दोन सिटांची उघडी गाडी पाहिजे असेल तर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म अधूनमधून विकायला येते. बॉडी फायबरची असल्याने गंजाची काळजी नाही, इंजिन रेनोचं. पण पार्ट कुठून आणणार याचं उत्तर आधी मिळवा.

गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला फोन करून एकच सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोहोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिन कसं उठतं ते त्याला तुम्हाला दाखवायचं नाही. अशा वेळी चहा घ्या, आभार माना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा येतो म्हणून सांगा. थंड असेल तर चोक ओढून सेल्फ त्यालाच मारू द्या आणि तुम्ही मागे जाऊन सायलेन्सरपाशी उभे राहा. पहिला धूर पांढरट निघून विरला तर तो नुसता रात्रीचा ओलावा. निळसर धूर थांबतच नसेल तर इंजिन तेल खातंय. तेव्हा जॅक, चुंबक, टॉर्च पिशवीतच राहू द्या आणि घरी या.